विजेची परतीची वाट

तात्या किल्ली फिरवतात. बोनेटखालून जड घरघर येते, इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेतं आणि थांबतं. डॅशबोर्डवरचे नवे निळे दिवे विझल्यासारखे होतात आणि पुन्हा उजळतात.

“बघा,” तात्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणतात, “बॅटरी नवी, सेल्फ भरून आणलेला, ऑल्टरनेटर नवा. आता आणखी काय बदलायचं राहिलंय?”

मिस्त्री उत्तर देत नाहीत. दारातून आत वाकून ते चोकची घुंडी चिमटीत धरतात आणि लगेच सोडतात. मला खूण करतात. मी बोट लावतो. घुंडी चांगलीच गरम आहे. चोक म्हणजे कार्बोरेटरकडे जाणारी साधी तार, पोलादी वेटोळ्यांच्या नळीतून गेलेली. तिच्यातून वीज जाण्याचं काहीच कारण नाही. तरी ती तापली आहे. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसतं.

“तात्या, आता काही बदलायचं नाही. आता मोजायचं.”

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठाजवळ तात्यांचा मळा आहे. एका अंगाला तोडणीला आलेला ऊस, दुसऱ्या अंगाला कांदाचाळ, मध्ये पत्र्याची शेड. ट्रॅक्टर बाहेर काढून गाडी आत घेतलेली आहे. या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची आहे, त्यामुळे दिवसा तात्या मोकळे आहेत. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी त्यांची नात वही-पेन घेऊन मडगार्डशी उभी आहे.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं इटलीच्या फियाटच्या परवान्यानं ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली. पद्मिनी हे नाव तिला १९७०च्या दशकात मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, बारा व्होल्टची वायरिंग. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींची उमेदीची वर्षं मुंबईत याच टॅक्सींची वायरिंग करण्यात गेली. गावी परतल्यावर त्यांनी ट्रॅक्टर आणि पिकअपची कामं धरली, पण फियाट समोर आली की त्यांचे हात न बघता जागेवर जातात.

गेल्या उन्हाळ्यात गाडी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये पूर्ण उतरवून रंगवली गेली. त्याच वेळी जुना डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवला, पुढे हॅलोजन आले, डॅशबोर्डचे आणि इंडिकेटरचे बल्ब जाऊन एलईडी आले, जुन्या किल्लीच्या स्विचवर भार नको म्हणून इग्निशनला रिले आला, शिवाय टेप आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट. यातला एकही बदल वाईट नाही. डायनॅमो इंजिन सावकाश फिरत असताना जवळपास काहीच देत नाही आणि जोरात फिरला तरी वीस अँपिअरच्या आसपास थांबतो. ऑल्टरनेटर कमी फेऱ्यांतही वीज देतो आणि हा तर पंचेचाळीस अँपिअरचा आहे. तरी दिवाळीपासून गाडी शेडमध्ये उभी आहे.

मिस्त्री कॉईलची वायर काढून ठेवतात, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेट घेणार नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या टर्मिनलवर धरतात. साडेबारा व्होल्ट. बॅटरी भरलेली आहे. रात्रभर चार्जरवर होती.

“मारा, तात्या.”

घरघर. “अकरा पॉइंट दोन,” नात वाचते. म्हणजे सेल्फचा भार येऊनही बॅटरीनं जीव सोडलेला नाही. आता मिस्त्री सुया सेल्फवर नेतात, एक मोठ्या नटावर, दुसरी सेल्फच्या अंगावर. पुन्हा घरघर. “आठ पॉइंट चार.”

“बॅटरीत अकरा-दोन, सेल्फला आठ-चार. मधले दोन-आठ कुठं गेले?” मिस्त्री विचारतात आणि स्वतःच शोधायला लागतात. लाल सुई बॅटरीच्या प्लसवर, काळी सेल्फच्या नटावर: सेल्फ फिरताना शून्य पॉइंट चार. जाणारी वाट ठीक आहे. मग एक सुई बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. तात्या किल्ली फिरवतात. आकडा चढतो आणि दोन पॉइंट चारवर थांबतो.

“येणारी वाट बंद आहे,” मिस्त्री म्हणतात.

तात्यांना हे पटत नाही. इथं तर सगळ्या वायरी नव्या आहेत आणि टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो. मिस्त्री शेडच्या दाराबाहेर, ठिबकच्या फिल्टरकडे बोट दाखवतात. “वॉल बंद असताना मीटर बघितला तर फिल्टर कितीही तुंबलेला असला तरी प्रेशर पूर्ण दाखवतो ना? वॉल उघडला, पाणी वाहायला लागलं, की खरं कळतं. टेस्ट लॅम्पला पाणी किती लागतं? घोटभर. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर लागतात.” तात्या मान डोलावतात. हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

फियाटचं इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं. हादरे बॉडीला लागू नयेत म्हणून ते रबर. पण त्याच रबरामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यात विजेचा संबंध राहत नाही. म्हणून दोघांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. मिस्त्री गाडीखाली सरकतात. पट्टी जागेवर आहे, बोल्टही घट्ट आहे. पण ती जिथं बॉडीला टेकते तिथं रंगाचा जाड, चकचकीत थर आहे. तिकडे बॅटरीच्या मायनसची वायरसुद्धा रंगावरच आवळलेली. बोल्टच्या आट्यांतून जो काही थोडा धातू धातूला भिडतो तेवढ्यावर सगळा कारभार चाललेला. उरलेल्या विजेनं मग मिळेल ती वाट धरली: इंजिनवरून कार्बोरेटर, कार्बोरेटरवरून चोकची नळी, नळीवरून डॅशबोर्डची बॉडी. चोकची घुंडी का तापली ते आता मला समजतं. थोडा वेळ आणखी सेल्फ मारत राहिले असते, तर ती नळी लाल होऊन शेजारच्या वायरिंगला आग लागली असती.

दहाचा पाना, तेराचा पाना, झीरो पेपर. मिस्त्री नाण्याएवढी जागा घासून लखलखीत करतात, लगखाली दातेरी वायसर घालतात, बोल्ट आवळतात आणि मगच वरून व्हॅसलिन लावतात, आत नाही. पुन्हा मोजणी. सेल्फ फिरताना बॅटरीचा मायनस ते इंजिन: शून्य पॉइंट एक-पाच. कॉईलची वायर जोडली जाते. या वेळी सेल्फचा आवाज मोकळा, झटकेदार आहे. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पेट घेतं आणि कांदाचाळीवरची कबुतरं उडतात.

नात वहीत दोन रकाने आखते: ‘भाराविना’ आणि ‘भारासह’. त्या रकान्यांकडे बघताना मला याच गावची एक दुसरी मोजणी आठवते. बोरीच्या कुकडीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते आणि तिच्या सोबतीनं अश्मयुगातली दगडी हत्यारंही. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या जागेचा अभ्यास केला. १९८९च्या शोधनिबंधात राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. १९९५ साली दुसऱ्या पद्धतीनं ते सुमारे ६ लाख ७० हजार आलं. आणि राखेची रासायनिक घडण जुळवून पाहणाऱ्यांनी ती सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. राख तीच. काय मोजलं, कसं मोजलं आणि नमुन्यात जुन्या दगडाचे कण मिसळलेले होते का, यावर आकडा फिरला. मीटर सांगतो ते खोटं नसतं. पण आपण त्याला कोणता प्रश्न विचारला हे आपल्याला नीट माहीत असावं लागतं. शेडमध्ये आज सकाळपासून तेच चाललेलं आहे.

इंजिन संथ फिरतंय. मिस्त्री बॅटरीवर मीटर लावतात. बारा पॉइंट तीन, आणि हळूहळू उतरतोय. चार्जिंग होत असतं तर हा आकडा चौदाच्या आसपास असायला हवा.

तात्या सवयीनं पुढे होतात आणि बॅटरीच्या मायनसचं टर्मिनल ढिलं करू लागतात. डायनॅमोच्या काळात ही सर्रास चालणारी चाचणी: चालू गाडीची बॅटरी काढायची, इंजिन बंद पडलं नाही तर डायनॅमो चांगला. मिस्त्री त्यांचा हात मनगटाशी धरतात. “नको. आता ते चालायचं नाही.” ऑल्टरनेटरच्या पोटात आधी तीन फेजची उलटसुलट वीज तयार होते आणि सहा डायोड तिला एका दिशेला लावतात. चालू इंजिनवर बॅटरी अचानक सुटली तर व्होल्ट क्षणभर इतके उसळतात की डायोड, रेग्युलेटर आणि टेपसुद्धा जाऊ शकतो. तात्या पाना खाली ठेवतात. यंत्र बदललं की त्याच्याशी वागायची रीतही बदलते, हे मला इथं डोळ्यांसमोर दिसतं.

“रेस द्या जरा.” तात्या पाय दाबतात. इंजिन गरजतं आणि आकडा एकदम उडी घेतो: चौदा पॉइंट एक. पाय काढल्यावरही तो तिथंच राहतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर परत बारा-तीन.

“म्हणजे ऑल्टरनेटर चांगला आहे,” नात म्हणते, “फक्त जागा होत नाही.”

“का होत नाही?”

ती विचार करते. ऑल्टरनेटरला वीज तयार करायला आधी चुंबक लागतो आणि तो चुंबक लोखंडावरच्या गुंडाळीतून वीज सोडून तयार होतो. ती पहिली वीज येते कुठून? डॅशबोर्डवरच्या लाल चार्जिंगच्या दिव्यातून. किल्ली फिरवली की वीज दिव्यातून ऑल्टरनेटरच्या ‘एल’ टर्मिनलला आणि तिथून गुंडाळीत जाते. दिवा पेटतो तो त्याच वाटेवर. तीन वॉटचा जुना बल्ब पाव अँपिअर जाऊ देतो. त्याच्या जागी आलेला एलईडी त्याचा दहावा हिस्साही देत नाही. दिवा छान लाल दिसतो, पण गुंडाळीला पुरेशी वीज मिळत नाही. जोरात रेस दिली तर लोखंडात उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर ऑल्टरनेटर कसाबसा उठतो. मळ्यातून फाट्यापर्यंतच्या कच्च्या वाटेवर तेवढी रेस कधी लागतच नाही.

“काका, एलईडी काढायचा,” ती म्हणते. मिस्त्री पत्र्याच्या डब्यातून तीन वॉटचा पिवळट काचेचा बल्ब काढून तिच्या हातावर ठेवतात. ती डॅशबोर्डखाली शिरते. बल्ब बसतो, गाडी चालू होते, रेस न देताच मीटर चौदावर जातो.

तात्या खुशीत किल्ली बंद करतात. इंजिन चालूच राहतं.

किल्ली काढून ते हातात धरतात. तरी इंजिन संथपणे फिरतंय. शेवटी गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडतात तेव्हा ते आचका देऊन बंद पडतं. आता मात्र मिस्त्रीही खाली बसतात आणि शेडच्या जमिनीवर खडूनं आकृती काढतात. किल्ली, इग्निशनचा रिले, लाल दिवा, ऑल्टरनेटर. ऑल्टरनेटर फिरत असतो तोवर त्याच्या ‘एल’ टर्मिनलवर चौदा व्होल्ट असतात. किल्ली बंद झाली की दिव्याचं दुसरं टोक मोकळं होतं आणि वीज उलटी येते: ऑल्टरनेटरकडून दिव्यात, दिव्यातून रिलेत. रिले ओढून घ्यायला जास्त जोर लागतो, पण एकदा ओढलेला धरून ठेवायला फार थोडी वीज पुरते. तेवढी त्या बल्बमधून मिळते. रिले सुटत नाही, कॉईलला वीज जात राहते, ठिणगी पडत राहते. एलईडी असताना ही वाट बंद होती, म्हणून हा दोष दिसत नव्हता.

“एका बाजूनंच जाऊ देणारं काहीतरी हवं,” मिस्त्री म्हणतात. नात धावत घरात जाते आणि कॉलेजच्या प्रोजेक्टचा डबा घेऊन येते. त्यात एक काळा, तांदळापेक्षा थोडा मोठा डायोड, रुपया-दोन रुपयांचा, एक अँपिअर झेलणारा. चंदेरी पट्टी ऑल्टरनेटरकडे. सोल्डरिंग, वर नळी, वर टेप. किल्ली चालू, इंजिन चालू, चौदा व्होल्ट. किल्ली बंद, इंजिन बंद. तात्या हे पुन:पुन्हा करून बघतात.

जेवणानंतर उरलेली कामं भराभर उरकतात. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर आत तापणाऱ्या धातूवर चालतो. एकवीस वॉटच्या दोन बल्बांचा भार असेल तरच तो तापतो, एलईडीवर ढिम्म हलत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसतो आणि दिवे लयीत उघडझाप करतात. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर जुनी, वीस अँपिअरच्या हिशेबाची. ती जाऊन १० स्क्वेअर एमएमची जाड वायर येते आणि बॅटरीच्या टोकाला फ्यूज.

हॅलोजनसाठी मिस्त्री जास्त वेळ घेतात. बॅटरीवर तेरा पॉइंट नऊ असताना हेडलाईटच्या होल्डरवर दहा पॉइंट सहा मिळतात. बाकीचे व्होल्ट डॅशबोर्डच्या चाळीस वर्षं जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत उष्णता होऊन जातात. व्होल्ट दहा टक्के कमी झाले तर हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो; इथं तर जवळजवळ चोवीस टक्के गेलेत. जुन्नर तालुक्यात ही काही हौसेची बाब नाही. उसात बिबट्या असतो. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला माणसं फडाच्या कडेनं जातात आणि बांधावर काय बसलंय ते गाडीच्या उजेडातच दिसतं. मिस्त्री डीम आणि अप्परला वेगळे रिले लावतात, बॅटरीपासून थेट फ्यूज घालून वायर आणतात आणि हेडलाईटची अर्थची वायरही थेट मायनसला नेतात. होल्डरवर आता साडेतेरा. दुपारच्या उन्हातही समोरच्या पत्र्यावर दोन पांढरे गोळे उमटतात.

शेवटी प्लगच्या वायरी. मीटर काही हजार ओहम दाखवतो आणि मिस्त्री “ठीक” म्हणतात. नुसत्या तांब्याच्या असत्या तर प्रत्येक ठिणगीचा खरखराट टेपमध्ये आला असता. ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच. जवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी कितीतरी उभ्या आहेत. मीटरभर लांबीच्या ज्या लहरी त्या आकाशातून टिपतात, त्याच पट्ट्यात गाड्यांच्या ठिणग्यांचा गोंगाटही पडतो. नात विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तिथं जाऊन आलेली आहे. ती प्लगच्या वायरीचा आकडाही वहीत लिहून ठेवते.

मी दिवसभर बघतोय की आज एकही मोठा भाग बदलला गेलेला नाही. बॅटरी, सेल्फ, ऑल्टरनेटर सगळं सकाळी होतं तेच आहे. जुन्या गाडीत नवा भाग आला की विजेचा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो: किती जाणार, कुठून जाणार आणि मुख्य म्हणजे कुठून परत येणार. हा हिशेब दुकानात विकत मिळत नाही. तो मिस्त्रींसारख्या माणसांच्या हातात आहे. काळी-पिवळी पद्मिनी गेली तशी ही माणसंही एकेक करून काम थांबवतील. पद्मिनीचे सुटे भाग भंगारातूनही मिळतील. हे मोजण्याचं शहाणपण मात्र कुणीतरी शेजारी उभं राहूनच उचलावं लागतं.

मिस्त्रींना हे माझ्याआधी कळलेलं असावं. हात धुऊन झाल्यावर ते चहाचा कप खाली ठेवतात आणि नातीला म्हणतात, “जरा तिकडं तोंड कर, पोरी.” बोनेटखाली वाकून ते काहीतरी करतात आणि बोनेट लावतात.

“आता सांग, हॉर्न का वाजत नाही?”

तात्या पान्यांच्या पिशवीकडे हात नेतात. नात त्यांना थांबवते, मीटर उचलते, वहीचं नवं पान काढते आणि दोन रकाने आखते. “आजोबा, हॉर्नचं बटण दाबून धरा,” ती सांगते, “भार असतानाच मोजायचंय.”